मांस वर्ज्य का? पचनाच्या युक्तिवादाची मर्यादा



उपदेश घेताना वासनिक जे नियम स्वीकारतो त्यांत मद्य व मांस यांचा त्याग हा पहिल्या पायरीचा नियम होय. या नियमाविषयी पंथात दुमत नाही. आणि दुमत नाही म्हणूनच त्याच्या कारणाचा विचार करण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. प्रवचनात कोणी कारण विचारले म्हणजे वक्ता हाताशी येईल ते उत्तर देतो, आणि हे उत्तर बहुधा ठरलेले असते. मांस हे मनुष्याचे अन्नच नव्हे, ते त्यास पचत नाही, ते पोटात तीन-तीन दिवस कुजत राहते आणि सर्व रोगांचे मूळ होते, असे सांगितले जाते. हे उत्तर सभेस तत्काळ पटते. परंतु ते खरे आहे काय, आणि खरे असले तरी आपल्या आचाराचे ते कारण आहे काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दोहोंचेही उत्तर नकारार्थी द्यावे लागते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे विस्ताराने पाहू.

प्रथम पचनाचा विचार. मांसाचा मुख्य पोषक भाग म्हणजे प्रथिन, व त्याच्यासोबत कमी-अधिक चरबी. जठरातील आम्लरस आणि पेप्सिन नावाचे पाचकद्रव्य प्रथिनाचे तुकडे पाडतात. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिनादी पाचकरस त्या तुकड्यांचे आणखी बारीक कण करतात, आणि ते कण रक्तात शोषले जातात. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तुरीच्या वरणातील प्रथिन आणि दुधातील प्रथिन हीसुद्धा याच रसांनी पचतात. मांसासाठी एक पाचकरस आणि डाळीसाठी दुसरा, अशी व्यवस्था मानवी देहात नाही. म्हणून ‘पुष्कळ वर्षे मांस सोडलेल्याच्या पोटातील मांस पचविणारा रस आटून जातो’ हे जे सांगितले जाते त्यालाही आधार नाही. तो रस आटला असता तर वरणही पचले नसते. उलट, प्रमाणच पाहावयाचे तर मांसातील प्रथिनाचा शंभरात नव्वदांहून अधिक भाग पचतो आणि डाळीतील ऐंशीच्या आसपास. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक पिढ्यानुपिढ्या मुख्यतः मासे व सील यांवर जगत आले. न पचणाऱ्या अन्नावर एखादा समाज असा टिकत नसतो.

या विषयात एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. इ. स. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणास बंदुकीची गोळी चुकून लागली. तो वाचला, पण त्याच्या पोटावरची जखम अशी भरली की, जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. लष्करी वैद्य विल्यम बोमाँट याने त्या छिद्रातून निरनिराळी अन्ने जठरात किती वेळ राहतात याची वर्षानुवर्षे नोंद केली व ती १८३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच्या कोष्टकात शिजविलेला भात १ तासात, भाजलेले हरणाचे मांस १ तास ३५ मिनिटांत, ताजी गव्हाची पाव-भाकरी साडेतीन तासांत, उकडलेली कोबी साडेचार तासांत आणि डुकराचे चरबीयुक्त भाजलेले मांस सव्वापाच तासांत जठरातून पार झालेले दिसते. हा एकाच माणसाच्या व तोही जखमी माणसाच्या जठराचा हिशेब आहे, आतड्याचा नाही, हे खरे. तरी एवढे त्यावरून निश्चित कळते की, ‘जड’ आणि ‘हलके’ हा भेद मांस व वनस्पती असा पडत नाही. तो मुख्यतः चरबी, शिजण्याची रीत आणि अन्नाची घडण यांवर पडतो. चरबी जठर रिकामे होण्याची गती मंद करते. रात्री उशिरा तेलाचा तवंग आलेला रस्सा भरपेट खाऊन जो ‘मांस पोटात बसले’ असे म्हणतो त्याच्या पोटात बसलेले असते ते पुष्कळसे तेल. लग्नाच्या पंगतीत तळलेल्या पुऱ्या आणि श्रीखंड खाणाऱ्यालाही तोच अनुभव येतो, मात्र त्यावरून कोणी श्रीखंड निषिद्ध ठरवीत नाही.

मग मांस कोणालाच बाधत नाही असे म्हणावयाचे काय? तसे नाही. दात पडलेल्या वृद्धास ते नीट चावता येत नाही. ज्याच्या पित्ताशयात खडे आहेत त्यास चरबीचे अन्न त्रास देते. वृद्धपणी जठराचे आम्ल घटते व पचन मंद होते. मूत्रपिंडाच्या काही विकारांत वैद्य एकूण प्रथिनच कमी करावयास सांगतात. मांसात तंतुमय भाग मुळीच नाही, म्हणून भाजी-भाकरीस फाटा देऊन जो केवळ मांसावर भर देतो त्यास मलावरोध होतो. मलावरोधालाच लोक ‘कुजणे’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन मंडळाने २०१५ मध्ये खारवून, धुरी देऊन टिकविलेले मांस आतड्याच्या कर्करोगास कारण होते असे ठरविले, आणि गाय, डुक्कर, शेळी-मेंढी इत्यादींचे तांबडे मांस ‘बहुधा कारण’ या वर्गात घातले. हा इशारा गंभीर आहे. पण तो प्रमाणाचा व दीर्घ सेवनाचा आहे, न पचण्याचा नव्हे. वक्त्यांनी तो सांगावयाचा असेल तर जसा आहे तसा सांगावा.

दात व आतडे यांचा युक्तिवादही असाच. मनुष्यास वाघाचे सुळे व नखे नाहीत, त्याचे आतडे वाघापेक्षा लांब आहे, म्हणून तो शाकाहारी प्राणी, असे आपण म्हणतो. मात्र त्यास गाईचे चार कप्प्यांचे पोटही नाही आणि गवत त्यास पचत नाही, हा अर्धा भाग आपण सांगत नाही. देहाची साक्ष नीट ऐकली तर ती एवढेच सांगते की, हा देह दोन्ही प्रकारचे अन्न घेऊ शकतो. आंधळ्यांच्या हाती हत्तीचे एकेक अंग आले, हा आपल्या दृष्टांतपाठातील दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. इथे तर आपण डोळस असून एकच अंग दाखवितो.

आयुर्वेदाचा आधार घेणारेही या ठिकाणी अडचणीत येतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७ व्या अध्यायात, अन्नद्रव्यांचे जे वर्ग सांगितले आहेत त्यांत शूकधान्य, शमीधान्य यांच्या मागोमाग मांसवर्ग आहे. रुक्ष प्रदेशातील हरिण, लावा इत्यादींचे मांस तेथे पचावयास लघु मानले आहे, पाणथळ प्रदेशातील प्राण्यांचे गुरु. आणि क्षीण झालेल्या रोग्यास मांसरस देण्याचे विधान वैद्यकग्रंथांत जागोजाग आहे. दुसरीकडे उडीद, जो आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतो, तो गुरु सांगितला आहे आणि मूग लघु. गुरु अन्न पोटाच्या तिसऱ्या हिश्शाइतके किंवा अर्ध्याइतकेच घ्यावे, असा मात्रेचा नियमही तेथे आहे. तेव्हा ‘आयुर्वेदाने मांस निषिद्ध केले’ असे म्हणणे त्या शास्त्रावर अन्याय करणे होय. मात्र त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, ३० व्या अध्यायात, प्राण वाढविणाऱ्या सर्व गोष्टींत श्रेष्ठ कोणती हे सांगताना अहिंसेचे नाव घेतले आहे. ज्या वैद्याने मांसाचे गुण नोंदविले त्यानेच हेही नोंदविले. त्यास दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटल्या नाहीत, कारण पदार्थाचा गुण हा एक विषय आणि तो मिळविण्यासाठी करावी लागणारी कृती हा दुसरा, हे तो जाणत होता. आपला घोटाळा नेमका येथे होतो.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न व नित्य मानणाऱ्या आपल्या शास्त्रात देह, जठर, पाचकरस हे सारे प्रपंचात मोडतात. आचार मात्र जीवाने परमेश्वराच्या आज्ञेवरून करावयाचा आहे. जठराने ‘मला पचते’ अशी साक्ष दिली म्हणून आज्ञा शिथिल होत नाही, आणि ‘पचत नाही’ अशी साक्ष दिली म्हणून ती बळकट होत नाही. प्रपंचाच्या साक्षीवर आचार उभा केला तर ती साक्ष उलटली त्या दिवशी आचारही पडेल. आपण ज्यास आधार समजतो तो असा टेकूच्या जातीचा आहे.

सर्वज्ञांच्या सशाच्या रक्षणाची लीळा या दृष्टीने पुन्हा वाचावी. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील ही लीळा लहान मुलांनाही माहीत असते, म्हणून ती आपण मुलांची म्हणून सोडून देतो. पारधी व कुत्री मागे लागलेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास येतो. पारधी त्याची मागणी करतात. सर्वज्ञ त्यास देत नाहीत, आणि शेवटी पारधीच त्याचा नाद सोडतात. या लीळेत पारध्यांच्या पोटाचा प्रश्न कोठेच येत नाही. त्यांना सशाचे मांस पचले असते, रुचलेही असते. मृगया हा त्यांचा व्यवहारच होता. लीळेचे सारे वजन एका गोष्टीवर आहे: भयाने पळणारा एक जीव आश्रयास आला आहे. भय कोणाचे, हा तेथील प्रश्न. भूक कोणाची, हा नव्हे. अहिंसेचे निरूपण करताना हा फरक साधकाच्या मनावर ठसला पाहिजे. खाणाऱ्याचे हित पाहून मांस सोडणे ही पथ्याची गोष्ट झाली, आणि पथ्य रोग गेल्यावर सुटते. ज्याचे मांस आहे त्याच्याकडे पाहून ते सोडणे हा आचार.

शंका: कारण चुकीचे असले तरी फळ चांगले मिळते ना? लोक मांस सोडतात, मग ते कशाने सोडतात याची चिकित्सा कशास?

समाधान: फळ मिळते असे दिसते, पण टिकत नाही. उपदेशी घरातील मुलगा महाविद्यालयात जातो, शरीरशास्त्राच्या पुस्तकात वर सांगितलेली पचनक्रिया वाचतो, वसतिगृहात मांस खाणाऱ्या धडधाकट सोबत्यांना पाहतो. त्याला कळते की, आपल्याला लहानपणी सांगितलेले खरे नव्हते. तो केवळ पचनाची गोष्ट सोडून थांबत नाही. ज्या मुखाने ती सांगितली त्या मुखाने सांगितलेल्या इतर गोष्टींवरही तो संशय धरतो. ‘तुम्ही देवाविषयी सांगता तेही असेच का?’ हा प्रश्न प्रस्तुत लेखकास एकाहून अधिक तरुणांनी विचारला आहे. विचारणारे उद्धट नव्हते, दुखावलेले होते.

दुसरी हानी याहून मोठी आहे. एका उपदेशी कुटुंबातील गर्भवती सुनेच्या रक्तात हिमोग्लोबिन फार कमी आढळले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि अंडी-मांस खाण्याचाही सल्ला दिला. घरातील वडील मंडळींनी ‘मांस पोटात कुजते हे ज्यास कळत नाही त्याच्या औषधावर काय विश्वास ठेवायचा’ असे म्हणून सल्ल्याबरोबर गोळ्याही बंद केल्या. सहा आठवड्यांनी तिला रक्त द्यावे लागले. त्या घराने व्रत मोडले नाही; परंतु व्रताच्या नावाने सांगितलेल्या असत्याची किंमत त्या मुलीने मोजली. ‘आमच्यात हे चालत नाही, याविना काय करता येईल ते सांगा’ एवढे वाक्य डॉक्टरांस सांगितले असते तर पुरे होते. त्यास उत्तर होते, आणि आहे.

ते उत्तर आपल्यापैकी प्रत्येकास माहीत असावे म्हणून थोडे तपशिलाने सांगतो. आचार पाळणाऱ्याने देहाची हेळसांड करावी असा त्याचा अर्थ नाही. मनुष्यदेह हे साधन आहे.

प्रथिनाची चिंता सामान्यतः अकारण केली जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनास ०.८३ ग्रॅम प्रथिन लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. दिवसभरात पाव किलो ज्वारी-बाजरीचे वा गव्हाचे पीठ, ७५ ग्रॅम डाळ-कडधान्य व पाव लिटर दूध एवढ्यात ते जवळपास भरते; मूठभर शेंगदाणे घेतले की उरते. धान्यात प्रथिनाचा जो घटक उणा असतो तो डाळीत असतो आणि डाळीत जो उणा तो धान्यात, म्हणून पिठले-भाकरी व वरण-भात या जोड्या आपल्या आजीबाईंनी शास्त्र न वाचता योग्य जुळविल्या.

मात्र येथे एक अडचण येते, ती लपवू नये. नुकताच उपदेश घेतलेली कुटुंबे मांस सोडून एकदम दोन्ही वेळा उसळी खाऊ लागतात आणि आठवडाभरात पोट फुगते, वायू धरतो. मग ‘आम्हाला शाकाहार मानवत नाही’ अशी तक्रार येते. कडधान्यातील काही शर्करा लहान आतड्यात खरोखरच पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातील जंतू त्या आंबवितात व वायू होतो. म्हणजे ‘न पचणे’ हा शब्द वापरावयाचाच तर तो मांसापेक्षा हरभऱ्यास अधिक लागू आहे! उपाय घरचेच आहेत. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मोड आणावेत, मऊ शिजवावे, हिंग-आले-जिरे घालावे. आरंभी मुगापासून सुरुवात करून प्रमाण हळूहळू वाढवावे. दोन-चार आठवड्यांत बहुतेकांचे पोट सरावते. नवीन वासनिकास नियम सांगताना हेही सांगणे हा उपदेशकाच्या कर्तव्याचा भाग समजावा.

लोहाची गोष्ट अधिक काळजीची आहे. मांसातील लोह शरीरात काही पटींनी अधिक शोषले जाते, हे मान्य केले पाहिजे. पालेभाजी, बाजरी, कडधान्य यांतील लोह शोषले जावे म्हणून जेवणात लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो असावा. आणि जेवणानंतर लगेच चहा घेण्याची जी सवय सर्वत्र पसरली आहे ती सोडावी, चहाने लोहाचे शोषण घटते. गर्भवती स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर मात्र लिंबू-आवळ्यावर विसंबू नये. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. एवढे लोह एका दिवसाच्या कोणत्याच ताटातून मिळत नाही, मांसाच्याही नाही. म्हणजे खरा उपचार गोळी हाच आहे, आणि ती घेतल्याने आचारास बाध येत नाही. ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये.

शेवटचा विषय ब-१२ जीवनसत्त्वाचा, आणि तो संन्यस्तांनी विशेष ध्यानात घ्यावा. हे जीवनसत्त्व धान्य, भाजी, फळ यांत नसते. शाकाहाऱ्यास ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. रोजची गरज सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅम, आणि पेलाभर गाईच्या दुधात साधारण एक. भिक्षेच्या झोळीत भाकरी-भाजी पडते, दूध क्वचित. वृद्धपणी त्याचे शोषणही घटते, आणि जे आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतात त्यांचे अधिकच. हातापायांस मुंग्या, जीभ लाल व झोंबरी होणे, चालताना तोल जाणे, विस्मरण ही त्याच्या अभावाची लक्षणे होत. आपल्या आश्रमांतील कित्येक वृद्ध महात्मे व तपस्विनी यांना ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. तेथे एकदा रक्त तपासून पाहावे. पूर्वी या उणिवेमुळे होणाऱ्या एका प्राणघातक पांडुरोगावर औषध नव्हते. १९२६ मध्ये मिनॉट व मर्फी या अमेरिकी वैद्यांनी रोज भरपूर यकृत खाऊ घालून असे रोगी वाचविले. त्या काळी व्रतस्थ रोग्यापुढे खरोखरच धर्मसंकट उभे राहिले असते. १९४८ मध्ये यकृतातील ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे काढता आले, आणि पुढे ते सूक्ष्म जंतूंच्या किण्वनाने, दही लागते तशाच जातीच्या प्रक्रियेने, तयार होऊ लागले. त्यात प्राण्याचे अंग नाही, आणि ‘औषध म्हणून तरी मांस घ्यावे काय’ ही जुनी शंका या रोगापुरती उरली नाही.

एक बारीक गोष्ट राहते. औषधाचे द्रव्य निर्दोष असले तरी ज्या मऊ वा कडक कोषात ते भरलेले असते तो कोष पुष्कळदा जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. म्हणून औषधविक्रेत्यास विचारून साधी दाबलेली गोळी मागावी, किंवा वनस्पतिजन्य कोष असलेले औषध मागावे, दोन्ही मिळतात. ब-१२ चे इंजेक्शनही मिळते, आणि ज्यांचे शोषणच मंदावले आहे अशा वृद्धांस वैद्य बहुधा तेच सुचवितात.